पडद्यावरचे रंग कोणाचे?

नवा डिस्क प्लेअर घरात येतो, तारा जोडल्या जातात, मंडळी पडद्यासमोर बसतात आणि पहिल्याच दृश्यात नायिकेचा चेहरा हळद लावल्यासारखा पिवळा किंवा उन्हात करपल्यासारखा लालबुंद दिसतो. गवत डोळ्यांना टोचेल इतके हिरवे, आभाळ शाईच्या दौतीत बुडवून काढल्यासारखे. बहुतेक घरांत यावर निवाडा तत्काळ होतो: यंत्र खराब निघाले. मग दुकानदाराकडे हेलपाटे, कारागिराला बोलावणे, सोन्याचा मुलामा दिलेल्या महागड्या तारेची खरेदी, आणि अखेरीस ‘चालायचेच’ म्हणून त्या रंगांशी केलेली तडजोड. या साऱ्या धावपळीत हे रंग ठरविले कोणी, एवढा एकच प्रश्न विचारावयाचा राहून जातो.

वस्तुत: प्लेअर हे मोठे आज्ञाधारक यंत्र आहे. तबकडीवर जे अंक नोंदलेले असतात ते वाचून पुढे पाठविणे हे त्याचे काम. त्यात स्वत:ची आवडनिवड मिसळण्यास त्याला फारसा वाव नसतो. तो खरोखर बिघडला तर चित्र अडखळते, पडद्यावर चौकडे पडतात, आवाज तुटतो. बाकी सारे सुरळीत चालावे आणि माणसांच्या कातडीचा रंग तेवढा बिघडावा, असा बिघाड विरळाच. महागड्या तारेबद्दलही असेच म्हणावे लागते. आजच्या एचडीएमआय तारेतून अंक जातात. तार सदोष असेल तर चित्रात ठिपके चमकतात किंवा चित्रच नाहीसे होते. चेहऱ्यावरची हळद उतरविण्याचे सामर्थ्य कोणत्याही तारेत नाही. ज्या कारकुनाने किंवा शिक्षकाने पगारातून पैसे बाजूला काढून प्लेअर घेतला, त्याला पुन्हा तारेच्या खर्चात पाडणारा सल्ला हा सल्ला नसून विक्री आहे.

खरे मूळ अनेकदा टीव्हीच्या मांडणीत असते, आणि त्या मांडणीमागे दुकानाची भिंत असते. झगझगीत दिव्यांखाली एका रांगेत संच लावलेले. त्यांत जो सर्वांत उजळ, सर्वांत भडक आणि ज्याचा पांढरा रंग निळीत बुडविल्यासारखा, त्याच्याकडे गिऱ्हाइकाचे पाय वळतात. ‘व्हिव्हिड’, ‘डायनॅमिक’ अशी आकर्षक नावे धारण केलेल्या मांडण्या या भिंतीसाठी जन्माला आल्या. संच घरी आला, दिवाणखान्यातील मंद दिव्याखाली बसला, तरी पुष्कळदा तीच मांडणी किंवा तिची सख्खी बहीण चालू राहते. चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांच्या तंत्रज्ञांनी पांढऱ्या रंगाचे माप केव्हाच ठरवून ठेवले आहे: सुमारे ६५०० केल्विन, म्हणजे ढोबळमानाने दिवसाचा सर्वसाधारण उजेड. दिग्दर्शक आणि छायालेखक आपले चित्र याच मापाच्या पडद्यावर शेवटचे तपासतात. दुकानी मांडणी मात्र यापेक्षा कितीतरी निळसर असते, आणि त्या निळेपणाची भरपाई म्हणून लाल रंग चढविला की चेहरे भाजून निघतात.

यातील दुर्दैव असे की डोळा सवयीचा गुलाम आहे. भडक रंग महिनाभर पाहिले की तेच स्वाभाविक वाटू लागतात, आणि कोणी योग्य मांडणी लावून दिलीच तर ‘चित्र पिवळे, मेलेले दिसते’ अशी तक्रार येते. रोज झणझणीत रश्श्यावर वाढलेल्या जिभेला वरणभात बेचव लागावा, तसाच हा प्रकार. ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ नावाची मांडणी निवडून, रंगाची उष्णता ‘वॉर्म’ करून चार-सहा दिवस धीर धरला तर डोळा मूळ पदावर येतो. पण धीर धरण्यास सांगणारा विक्रेता कोठे भेटतो?

रंगांचे हे दुखणे नवे नाही. प्रभात फिल्म कंपनीने १९३३ साली व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली ‘सैरंध्री’ रंगीत करण्याचे साहस केले आणि छपाईचे काम जर्मनीत करवून घेतले. पण रंग मनासारखे उतरले नाहीत आणि तो प्रयोग फसला. दूरचित्रवाणीच्या बाबतीत अमेरिकेने १९५३ साली एनटीएससी ही पद्धत स्वीकारली, तीत रंगाची छटा वाटेतच घसरत असे. ‘एकच रंग दोनदा न दाखविणारी पद्धत’ असा त्या आद्याक्षरांचा विनोदी अर्थ तंत्रज्ञच लावीत. जर्मनीत वॉल्टर ब्रूख यांनी पुढे पाल पद्धत काढून ही घसरण आवरली, आणि भारताने १९८२ साली रंगीत प्रक्षेपण सुरू केले तेव्हा हीच पद्धत घेतली. अमेरिकेतील आप्तांनी प्रेमाने आणलेली डीव्हीडी येथल्या जुन्या संचावर काळीपांढरी दिसे, त्याचे कारण या दोन पद्धतींच्या वैरात होते. तबकडीचा त्यात अपराध नव्हता. त्या काळी निदान संचाला रंगाचे एक बटन असे आणि ते फिरविले की परिणाम लगेच दिसे. आज तेच बटन पडद्यावरच्या यादीत, यादीतल्या यादीत आणि तिच्याही आतल्या ‘ॲडव्हान्स्ड’ नामक कोठडीत जाऊन बसले आहे.

याच कोठडीत दुसरा गोंधळ दडलेला आहे. प्लेअर आणि टीव्ही एकमेकांशी रंगांच्या भाषेत बोलतात, पण या भाषा एकाहून अधिक आहेत. एका भाषेत लाल, हिरवा, निळा असे तिन्ही रंग थेट सांगितले जातात. दुसरीत आधी उजेड किती ते आणि मग रंगाचे दोन फरक सांगितले जातात. प्लेअर दुसरी भाषा बोलला आणि टीव्हीने ती पहिली समजून ऐकली, तर काळोख जांभळा आणि उजेड हिरवा दिसतो. हे दृश्य पाहून भलेभले घाबरतात; वास्तविक प्लेअरच्या यादीत एक शब्द बदलला की ते नाहीसे होते. जुन्या प्लेअरच्या हिरव्या, निळ्या, लाल टोकांच्या तीन तारांचाही असाच घोळ. टोकांचे रंग पाहून तारांतून तेच तीन रंग जात असतील असे वाटते. प्रत्यक्षात हिरव्या टोकातून उजेड जातो आणि उरलेल्या दोहोंतून रंगांचे फरक. ही दोन टोके एकमेकांच्या जागी बसली की माणसे निळी पडतात.

याहून फसवी चूक काळ्यापांढऱ्याच्या मोजमापात होते. चित्रपटाच्या तबकडीवर काळा म्हणजे १६ आणि पांढरा म्हणजे २३५ असा संकेत आहे. संगणकाच्या जगात तोच काळा शून्य आणि पांढरा २५५. एकाने एक माप धरले आणि दुसऱ्याने दुसरे, तर कधी सारे चित्र राख फासल्यासारखे फिकट होते, तर कधी सावलीतला तपशील काळोखात बुडतो. घरातील मनुष्य मग रंग वाढवून फिकेपणा झाकू पाहतो आणि एका चुकीवर दुसरी चढते. जुनी डीव्हीडी मोठ्या पडद्यासाठी ताणताना रंगांचे जुने गणित सोडून नवे लावावयाचे राहिले, तर लाल रंग नारिंगीकडे झुकतो आणि हिरवा मंद होतो. आणि २०१६ नंतर आलेल्या अल्ट्रा एचडी तबकड्यांवर रंगांचा पल्ला इतका विस्तीर्ण आहे की तो न ओळखणाऱ्या संचावर चित्र निस्तेज दिसते. तेथे प्लेअरने रूपांतर करून द्यावे लागते, अथवा टीव्हीच्या त्या विशिष्ट खाचेला तशी परवानगी द्यावी लागते. ही परवानगी कित्येक संचांत मुळात बंद असते. ज्या तबकडीसाठी ग्राहकाने अधिक पैसे मोजले तीच त्यामुळे साध्या तबकडीहून वाईट दिसावी, याला अनास्थेखेरीज दुसरे नाव नाही.

दोष कोणाचा हे ओळखण्याची एक जुनी आणि बिनखर्ची युक्ती आहे, आणि ती मराठी घरांना सहज साधेल. काळापांढरा चित्रपट लावावा. १९३६ चा ‘संत तुकाराम’ किंवा १९५३ चा ‘श्यामची आई’ यांत रंग मुळात नाहीतच. तेव्हा तुकोबांच्या उपरण्यावर निळाई दिसली, तर ती टीव्हीच्या पांढऱ्या रंगाची करणी. अंगणातील सावल्या जांभळ्या दिसल्या, तर भाषेचा गोंधळ. आणि सारे राखाडी, काळे कोठेच नाही असे दिसले, तर मापाची चूक. एखाद्या प्रतीवरच किंचित छटा असण्याचा संभव असतो, म्हणून दोन-तीन चित्रपट ताडून पाहावेत. काळेपांढरे स्वच्छ दिसू लागले की मगच रंगीत चित्राकडे वळावे, आणि तेथेही गवत किंवा आभाळ न पाहता ओळखीच्या माणसाच्या कातडीसारखी कातडी पाहावी. कातडीच्या रंगाबाबत डोळा सहसा फसत नाही.

अस्वाभाविक दिसणारा प्रत्येक रंग मात्र चूक नसतो. ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ या २००० सालच्या अमेरिकी चित्रपटात छायालेखक रॉजर डीकिन्स यांनी मिसिसिपीतील हिरवीगार झाडी संगणकाच्या साहाय्याने मुद्दाम वाळल्या गवतासारखी पिवळी केली. तेथे हिरवा रंग वाढविणारा प्रेक्षक दुरुस्ती करीत नाही, चित्र पुसतो. उलट, कधी खुद्द तबकडीच वादग्रस्त असते. ‘द फ्रेंच कनेक्शन’ या १९७१ च्या चित्रपटाची ब्लू-रे तबकडी २००९ साली निघाली, तिच्यात दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन यांनी रंग असे काही बदलले की मूळ छायालेखक ओवेन रॉइझमन यांनी जाहीर निषेध केला; २०१२ साली त्यांच्या सहभागाने नवी आवृत्ती काढावी लागली. रंग कोणाचे, हा प्रश्न निर्मात्यांच्या घरातही सुटलेला नाही, हे यावरून दिसते. पण तो वाद करणाऱ्या दोघांचाही त्या चित्रावर हक्क होता. दुकानाच्या भिंतीचा तसा कोणता हक्क आहे?

हा केवळ शौकिनांचा प्रश्न आहे असे कोणी म्हणेल, तर त्याने शाळेच्या वर्गात डोकावून पाहावे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरील तबकडी शिक्षक लावतात. तेथील गेरूचा शांत तांबूसपणा पडद्यावर शेंदरासारखा पेटतो आणि ज्या विद्यार्थ्याला प्रत्यक्ष लेणी पाहावयास कधी मिळतील की नाही ठाऊक नाही, तो तोच अजिंठा मनात घेऊन जातो. लिटमसचा रंग दाखविणाऱ्या विज्ञानाच्या चित्रफितीबद्दल तर बोलावयासच नको. तबकड्यांचे युग सरत आले, आता सारे इंटरनेटवरून येते, तेव्हा ही चर्चा कशाला, असाही एक आक्षेप आहे. चित्रपट तारेतून येवो की तबकडीतून, तो त्याच पडद्यावर, त्याच मांडणीतून दिसतो. शिवाय इंटरनेटवरचा चित्रपट आज आहे आणि उद्या नाही. आवडीचे चित्र स्वत:जवळ असावे म्हणून जो आजही प्लेअर विकत घेतो, त्याला तरी ते धड दिसावे.

उपाय अशक्य कोटीतील नाहीत. दिग्दर्शकांनी आग्रह धरला तेव्हा २०१९ साली निर्मात्यांच्या संघटनेने ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर केला: पांढरा रंग ठरल्या मापाचा, उगाच चढविलेली धार आणि कृत्रिम गुळगुळीतपणा बंद. म्हणजे कंपन्यांना हे येत नव्हते असे नाही. परंतु ही मांडणीही घरमालकाने शोधून निवडावयाची आहे आणि भडक मांडणी मात्र न मागता मिळते. ही अदलाबदल का होऊ नये? ज्याला भडकपणा हवा त्याने शोधावा. घरात संच प्रथम चालू होईल तो खऱ्या रंगांत. माहितीपुस्तिका मराठीतून, आणि ‘आरजीबी’, ‘वायसीबीसीआर’ अशी आद्याक्षरे फेकून मोकळी न होणारी असावी. चेहरा पिवळा दिसल्यास काय करावे, काळे राखाडी दिसल्यास कोठे पाहावे, हे तिने एका पानात सांगावे. संच बसविण्यास जो कारागीर घरी येतो त्याने भिंतीला भोके पाडून आणि चित्र आले एवढे पाहून निघून न जाता दुकानी मांडणी बदलून द्यावी, एवढी मागणी ग्राहक पंचायतींना आजही करता येईल. त्या कामाला पाच मिनिटे पुरतात, आणि ती पाच मिनिटे ग्राहकाने मोजलेल्या किमतीत आधीच धरलेली असावयास हवीत.