लेकरं खाणारीचं दुःख

ओझरच्या आमच्या गल्लीत रात्री एखादं पोर झोपेना झालं की आवाज येतो, "झोप, नाहीतर बागुलबुवा नेईल." प्राचीन ग्रीस देशातल्या आयाही असाच धाक घालीत. त्यांच्या बागुलबुवाचं नाव लामिया. मुलं खाणारी बाई.

पण भगिनींनो, लामिया जन्माची राक्षसीण नव्हती. कथेप्रमाणे ती लिबियाची राणी. देवांचा राजा झ्यूस याची नजर तिच्यावर गेली. त्याची बायको हेरा चिडली. शिक्षा झ्यूसला झाली नाही. लामियाची मुलं मारली गेली. दुःखानं तिचं डोकं फिरलं आणि ती दुसऱ्यांची मुलं ओढून नेऊ लागली. लोक तिचं दुःख विसरले, धाक तेवढा ठेवला.

अशीच एक आपल्या अजिंठ्यात आहे. २ नंबरच्या लेण्यात, गाभाऱ्याशेजारच्या खोलीत, मांडीवर मूल घेऊन बसलेली हारिती. राजगृहातली मुलं खाणारी यक्षिणी. कथा सांगते, आधीच्या जन्मी ती गवळ्याची गरोदर बायको होती. उत्सवाला निघालेल्या लोकांनी तिला नाचायला लावलं. तिचा गर्भ पडला. लोक तिला तशीच टाकून निघून गेले. पूर्वजन्म आम्ही मानीत नाही. पण असे टाकून जाणारे लोक आम्ही पाहिले आहेत.

तथागतांनी हारितीला मारलं नाही. तिच्या पाचशे मुलांतला धाकटा प्रियंकर भिक्षापात्राखाली लपवला. ती रडत, धावत आली. पाचशेतलं एक दिसेना तर तुझी ही दशा, मग ज्यांचं एकुलतं एक तू नेलंस त्या आईचं काय, एवढंच त्यांनी विचारलं. ती थांबली, आणि मुलांची राखणदार झाली. अजिंठ्यात तिच्या आसनाखाली मुलांची शाळाच कोरली आहे. छडीवाले गुरुजी आहेत. पुढची मुलं शिकताहेत, मागची खेळताहेत.

महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखादी बाई करणी करते, रोगराई आणते असा बोभाटा करणं आता गुन्हा आहे. पण आपल्या घरात काय चालतं? त्रिशरण-पंचशील घेऊन नामकरण होतं, आणि जिचं मूल दगावलं त्या शेजारणीला मात्र बोलावणं जात नाही. "नको, बाळाला नजर लागेल," असं आपल्याच बाया हळूच बोलतात. गप्प बसणाऱ्यांत आम्हीही होतो.

यापुढे नामकरणाला पहिलं बोलावणं तिला द्या. आणि बाळ तिच्या मांडीवर ठेवा.

जयभीम!