शतकाअखेरच्या तापमानाचा हिशेब

रा. रा. संपादक यांस,

परवाचा पाऊस ज्यांना खात्रीने सांगता येत नाही त्यांनी शतकाअखेरच्या तापमानाविषयी काय म्हणून बोलावे, हा आक्षेप हल्ली वारंवार ऐकू येतो, आणि तो वरकरणी इतका सयुक्तिक भासतो की त्याची रीतसर तपासणी करणे मला अगत्याचे वाटते.

अमुक गावी अमुक दिवशी पाऊस पडेल की नाही, हे वातावरणाच्या त्या घडीच्या स्थितीवर अवलंबून असते, आणि त्या स्थितीच्या मापनातील किंचित चूकही थोड्याच दिवसांत वाढून भाकीत निरुपयोगी करते, हे खरे. परंतु पृथ्वीचे दीर्घकालीन तापमान ठरते ते सूर्याकडून मिळणारी आणि अवकाशात परत जाणारी उष्णता यांच्या जमाखर्चाने. आणि त्यातील खर्चाची बाजू कार्बन डायऑक्साइड अडवून धरतो, हे जॉन टिंडल यांच्या १८५९ मधील प्रयोगांपासून प्रस्थापित आहे.

या शास्त्राचा सर्वांत बोलका दाखला १९६७ सालचा आहे. स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांच्या त्या वर्षीच्या गणितातून असे निष्पन्न झाले की, हा वायू दुप्पट झाल्यास भूपृष्ठ सुमारे २.३ अंश सेल्सिअसने तापेल आणि त्याच वेळी वरचे स्थितांबर मात्र थंड होईल. सूर्य प्रखर झाल्याने ही तापमानवाढ झाली असती, तर स्थितांबरही तापले असते. पुढे उपग्रहांनी केलेल्या मोजणीत स्थितांबर थंड होत असल्याचेच आढळले. त्यात ओझोनच्या ऱ्हासाचाही वाटा होता, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि तो ऱ्हास आटोक्यात आल्यावरही वरच्या स्थितांबराचे निवणे थांबलेले नाही. मापन हाती येण्यापूर्वी केलेल्या गणिताचा असा पडताळा मिळाल्यावर त्याला अटकळबाजी म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

अनिश्चितता आहेच, आणि ती मुख्यतः ढगांच्या वर्तनाविषयी आहे. परंतु शतकाअखेरच्या अनुमानांत औद्योगिकपूर्व काळाच्या तुलनेत १.४ अंशांपासून ४.४ अंशांपर्यंत जी तफावत दिसते, ती प्रामुख्याने आपण किती कोळसा व तेल जाळणार यामुळे पडलेली आहे. हवाई बेटांवरील मौना लोआ येथे १९५८ मध्ये हवेच्या दशलक्ष भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ भाग होते. या जाळण्यामुळेच आज ते ४२० च्या वर गेले आहेत. म्हणून शतकाअखेरच्या तापमानाचे आकडे छापताना, ते उत्सर्जनाच्या कोणत्या गृहीतकावर काढले आहेत, हे त्यांच्या शेजारीच नमूद करण्याची तजवीज आपण करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक वाचक