पिस्तुलाचा चाप आणि संसदेचे मौन

चेन्नईच्या जुन्या महाबलीपुरम मार्गावरील शोळिंगनल्लूर हे नाव आज तेथे स्थायिक झालेल्या मराठी तरुणांना संगणक कंपन्यांमुळे परिचित आहे. या चौकातून समुद्राकडे जाणारा रस्ता पूर्व किनारा मार्गाला मिळतो आणि त्या मार्गाने दक्षिणेकडे गेल्यास तिरुविदंतै लागते. तेथे ११ ते १४ एप्रिल २०१८ या काळात 'डिफेक्स्पो' हे संरक्षणसामग्रीचे प्रदर्शन भरले होते. संरक्षण उत्पादनाचे उदयोन्मुख केंद्र म्हणून भारताची ओळख जगाला करून द्यावी, हा त्यामागचा घोषित उद्देश होता. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात दोन संरक्षण औद्योगिक कॉरिडॉरची घोषणा झाली होती. त्यांपैकी तामिळनाडूच्या कॉरिडॉरचे उद्घाटन २० जानेवारी २०१९ रोजी तिरुचिरापल्ली येथे झाले. चेन्नई, कोइंबतूर, होसूर, सेलम आणि तिरुचिरापल्ली अशी त्याची पाच केंद्रे आहेत.

प्रदर्शनाला महिनाही उरला नसताना दिल्लीत घडलेली एक गोष्ट मात्र फारशी कोणाच्या लक्षात राहिली नाही. १४ मार्च २०१८ रोजी लोकसभेने सर्व मंत्रालयांच्या अनुदानमागण्या गिलोटिन लावून, चर्चेविना मंजूर केल्या. संरक्षण मंत्रालयाच्या मागण्याही त्यातच आल्या. शस्त्रे देशात बनावीत यावर सर्व पक्षांचे एकमत आहे. ती शस्त्रे ऐन वेळी चालतात की नाही, हे कोणी, कसे आणि कोणासमोर सिद्ध करायचे, या प्रश्नावर संसदेत क्वचितच बोलले जाते. पिस्तुलासारख्या लहान शस्त्राच्या बाबतीत तर हा प्रश्न बहुधा उपस्थितच होत नाही.

'अस्मी'चे उदाहरण

१४ जानेवारी २०२१ रोजी संरक्षण मंत्रालयाने 'अस्मी' या पहिल्या स्वदेशी ९ मि.मी. मशीन पिस्तुलाची घोषणा केली. महू येथील इन्फंट्री स्कूल आणि पुण्याच्या पाषाण भागातील आयुध संशोधन व विकास संस्था, म्हणजेच 'एआरडीई', यांनी ते संयुक्तपणे विकसित केले. लष्कराच्या बाजूने लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांचे नाव या प्रकल्पाशी निगडित राहिले. एका मराठी अधिकाऱ्याच्या कल्पकतेला पुण्याच्या संस्थेची साथ मिळाली, याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे.

सरकारी निवेदनातील तपशील बारकाईने वाचण्याजोगा आहे. शस्त्राचा वरचा भाग विमानबांधणीच्या दर्जाच्या ॲल्युमिनियमचा आणि खालचा कार्बन फायबरचा आहे. विकासाला अवघे चार महिने लागले. उत्पादनखर्च प्रत्येकी पन्नास हजार रुपयांच्या आत राहील, असा अंदाज होता. याच निवेदनात चापाचे भाग धातूच्या थ्री-डी प्रिंटिंगने तयार केल्याचा उल्लेख आहे. रणगाड्यातील व विमानातील कर्मचारी, चालक, रेडिओ व रडार हाताळणारे जवान यांचे वैयक्तिक शस्त्र म्हणून आणि दहशतवादविरोधी कारवायांत ते उपयोगी पडेल, असेही सांगण्यात आले. केंद्रीय व राज्य पोलीस दलांकडूनही मागणी अपेक्षित होती. पुढे २०२४ मध्ये हैदराबादच्या लोकेश मशीन्स या कंपनीला ५५० नगांचा, ४ कोटी २६ लाख रुपयांचा करार मिळाला आणि ही पिस्तुले नॉर्दर्न कमांडमध्ये दाखल झाली. भागाकार केला, तर एका नगामागे सुमारे ७७ हजार रुपये पडतात. अंदाजित उत्पादनखर्च आणि करारातील किंमत या वेगळ्या गोष्टी आहेत हे मान्य केले, तरी हा फरक कशाचा, हे कोणी तरी विचारायला हवे होते.

किमतीपेक्षाही महत्त्वाचा प्रश्न चापाचा आहे. अर्धस्वयंचलित पिस्तुलात चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटली पाहिजे. तो पुन्हा जागेवर येईपर्यंत दुसरी सुटता कामा नये. चाप ओढायला किती जोर लागतो, तो किती मागे गेल्यावर गोळी सुटते आणि किती पुढे आल्यावर शस्त्र पुन्हा सज्ज होते, या तीन मापांवर नेम आणि सुरक्षितता दोन्ही अवलंबून असतात. चाप जड असेल तर घाईत नेम हलतो. फार हलका असेल तर धावपळीत गोळी अनवधानाने सुटू शकते. शस्त्र हातातून पडले तरी गोळी सुटू नये, ही अपेक्षा याहून वेगळी आहे. तिच्यासाठी चापापासून काडतुसापर्यंतच्या साखळीतील प्रत्येक भागाचे वजन आणि घर्षण तपासावे लागते. 'अस्मी'सारख्या मशीन पिस्तुलात एकेरी व सलग अशा दोन्ही पद्धतींचा मारा असल्याने ही जबाबदारी दुहेरी होते.

म्हणूनच नमुना आणि कारखान्यातून बाहेर पडणारा नग यांतील अंतर महत्त्वाचे ठरते. थ्री-डी प्रिंटिंगने बनवलेला चाप नमुन्याच्या चाचणीत उत्तम ठरू शकतो. तोच भाग पुढे मोठ्या प्रमाणावर वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या पद्धतीने घडवला गेला, तर त्याची कडा, कठीणपणा आणि झीज बदलू शकते. चार महिन्यांत शस्त्र विकसित होणे ही कौतुकाची गोष्ट आहे. पण त्याची विश्वासार्हता हजारो फैरी, धूळ, चिखल, उष्मा आणि गोठवणारी थंडी यांतूनच ठरते. संगणकप्रणालीत दोष राहिला तर शोळिंगनल्लूरमधील अभियंता पुढच्या आवृत्तीत तो दूर करतो. ही सवलत चापाला नसते.

मागील अनुभव

हा मुद्दा केवळ तात्त्विक नाही. 'इन्सास' रायफलची रचनाही 'एआरडीई'चीच. १९९९ च्या कारगिल युद्धात अतिथंडीत तिची मॅगझिन तडकल्याच्या तक्रारी आल्या. ऑगस्ट २००५ मध्ये माओवाद्यांशी झालेल्या चकमकीत मोठी हानी झाल्यानंतर नेपाळच्या लष्कराने भारताकडून मिळालेल्या याच रायफलींविषयी उघड तक्रार केली. भारताने तेव्हा वापर आणि देखभालीतील त्रुटींकडे बोट दाखवले. दोहोंपैकी कोणाचे म्हणणे खरे, हे ठरवण्यासाठी लागणारी चाचण्यांची आकडेवारी ना नेपाळच्या जनतेसमोर आली, ना भारतीय संसदेसमोर. जून २०१७ मध्ये इशापूरच्या कारखान्याने बनवलेली ७.६२ मि.मी. रायफल लष्कराने दोष आणि अडथळ्यांचे प्रमाण अधिक असल्याने नाकारली. अशा वेळी लष्कर कठोर निर्णय घेते, ही जमेची बाजू होय. तथापि त्या नकाराची कारणेही आपल्याला वृत्तपत्रांतूनच कळतात.

विलंबाची किंमत आणखी वेगळी. 'एआरडीई'ने १९८० च्या दशकाअखेरच्या लष्करी निकषांनुसार आखलेल्या ५.५६ × ३० मि.मी. कार्बाइनच्या लष्करी चाचण्यांचा शेवटचा टप्पा ७ डिसेंबर २०२० रोजी पार पडला. मधल्या काळात लष्कराची कार्बाइनची गरज भागवण्यासाठी संयुक्त अरब अमिरातीतील 'काराकल' कंपनीच्या ९३,८९५ कार्बाइन तातडीने घेण्याचा प्रस्ताव २०१८ मध्ये पुढे आला आणि २०२० मध्ये बारगळला. अखेर ३० डिसेंबर २०२५ रोजी सव्वाचार लाखांहून अधिक कार्बाइनसाठी २,७७० कोटी रुपयांचे करार पुण्याच्या भारत फोर्ज आणि पीएलआर सिस्टिम्स या कंपन्यांशी झाले. भारत फोर्जला मिळालेल्या मोठ्या वाट्याची रचनाही पुण्याच्याच संस्थेची आहे. पाचशे पन्नास पिस्तुलांच्या बाबतीत जो प्रश्न तांत्रिक वाटतो, तो सव्वाचार लाख शस्त्रांच्या बाबतीत राष्ट्रीय होतो.

अमेरिकेतील धडा

या संदर्भात अमेरिकेचा अनुभव दोन्ही अंगांनी बोलका आहे. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकी लष्कराने सिग सॉवर कंपनीचे 'पी-३२०' हे पिस्तूल 'एम-१७' आणि 'एम-१८' या नावांनी निवडले. तेथे शस्त्रचाचण्यांचे स्वतंत्र मूल्यमापन करणारे संचालकपद काँग्रेसने १९८३ मध्ये कायद्याने निर्माण केले आहे आणि त्याचा वार्षिक अहवाल काँग्रेसला सादर होतो. या पिस्तुलाविषयीच्या अहवालात निकष स्पष्ट दिला होता : दोन अडथळ्यांमध्ये सरासरी दोन हजार फैरी, म्हणजे ४१ फैरींची कामगिरी विनाअडथळा पार पडण्याची शक्यता ९८ टक्के. साध्या काडतुसांनी पिस्तुलात अडथळे अधिक आल्याचे त्यात नमूद होते. शस्त्र खाली पाडण्याच्या चाचणीत काडतुसाच्या टोपीवर आघात झाला आणि त्यावर उपाय म्हणून चापाच्या यंत्रणेतील भाग हलके करण्यात आले, हेही त्याच अहवालाने जगाला सांगितले.

एवढ्या पारदर्शकतेनंतरही वाद मिटला नाही. चाप न ओढता गोळी सुटल्याचे आरोप करणारे अनेक दावे कंपनीविरुद्ध दाखल झाले. कंपनीने ते सातत्याने नाकारले आहेत. जुलै २०२५ मध्ये वायोमिंगमधील हवाई तळावर एका हवाई सैनिकाचा मृत्यू झाला, तेव्हा तेथील ग्लोबल स्ट्राइक कमांडने 'एम-१८'चा वापर तात्पुरता थांबवला. पुढे या प्रकरणात दुसऱ्या एका हवाई सैनिकाला अटक झाली आणि तपासणीनंतर ऑगस्टमध्ये वापर पुन्हा सुरू झाला. दोष यंत्राचा की माणसाचा, हे ठरवायला जुन्या चाचण्यांची नोंद हाताशी असणे किती आवश्यक असते, ते येथे दिसते. याच २०२५ च्या मे महिन्यात त्या स्वतंत्र मूल्यमापन कार्यालयाचे मनुष्यबळ मोठ्या प्रमाणावर कापण्यात आले. यावरून संस्था कायद्याने उभी राहिली तरी ती टिकवण्यासाठी लोकप्रतिनिधींना जागे राहावे लागते, हा बोधही घ्यावा लागेल.

आपल्याकडील पोकळी

भारतात शस्त्राची रचना करणारी संस्था संरक्षण मंत्रालयाची. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळाच्या जागी आलेल्या सात कंपन्याही त्याच मंत्रालयाच्या. त्यांपैकी म्युनिशन्स इंडियाचे मुख्यालय पुण्यात, यंत्र इंडियाचे नागपुरात आणि आर्मर्ड व्हेइकल्सचे चेन्नईजवळच्या आवडीत आहे. दर्जा तपासणारे गुणवत्ता हमी महासंचालनालयही संरक्षण उत्पादन विभागाच्याच अखत्यारीत येते. लष्कराच्या वापरकर्त्यांनी घेतलेल्या चाचण्या हा या रचनेतील खरा स्वतंत्र दुवा. पण त्यांचे निष्कर्ष बंद पाकिटात राहतात. नागरिकाने विचारावे, तर संरक्षण संशोधन व विकास संघटना माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. भ्रष्टाचार किंवा मानवी हक्कभंगाचे आरोप वगळता तिच्याकडून माहिती मागता येत नाही. उरतो तो संसदेचा मार्ग.

संरक्षणविषयक स्थायी समिती १९९३ पासून काम करीत आहे आणि अनुदानमागण्यांची ती दरवर्षी तपासणी करते. मात्र कोणत्या शस्त्राच्या किती फैरींमागे किती अडथळे आले, याचे कोष्टक या समितीसमोर नियमाने ठेवण्याची पद्धत आपल्याकडे रूढ नाही. गोपनीयतेचा आक्षेप येथे हमखास घेतला जातो. क्षेपणास्त्राचा पल्ला किंवा पाणबुडीचा आवाज गुप्त राहिलाच पाहिजे, याविषयी दुमत नाही. पण पिस्तूल किती वेळा अडकते, हे शत्रूपासून लपवण्यापेक्षा ते वापरणाऱ्या जवानाला कळणे अधिक गरजेचे आहे.

महाराष्ट्राला तर या बाबतीत उदासीन राहणे परवडणारे नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर 'एके-४७'समोर आपल्या पोलिसांच्या हाती जुन्या .३०३ रायफली होत्या आणि गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी जिवंत अतिरेक्याची बंदूक हातांनी धरून ठेवली. त्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने पोलिसांच्या शस्त्रसज्जतेतील आणि सरावातील उणिवांवर बोट ठेवले. त्यानंतर नवी शस्त्रे आली. परंतु सराव नसलेल्या हातात उत्तम चापही धोकादायक ठरतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिनेते व माजी खासदार गोविंदा यांच्या पायाला स्वतःच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरमधील गोळी लागली. शस्त्र हातातून निसटल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. ही घटना घरातली होती. पोलीस ठाण्यात किंवा शस्त्रागारात अशी गोळी सुटली, तर तिची नोंद एका राज्याकडून दुसऱ्या राज्याकडे जात नाही.

काय करता येईल

पहिली गोष्ट, प्रत्येक नव्या लहान शस्त्राच्या वापरकर्त्या चाचण्यांचा संक्षिप्त गोषवारा, म्हणजे निकष, झाडलेल्या फैरी, अडथळे आणि पाडण्याच्या चाचणीचा निकाल, स्थायी समितीला द्यावा. गरज असेल तर तो बंद बैठकीत द्यावा. दुसरी, केवळ पहिल्या नमुन्याची नव्हे, तर उत्पादनातील प्रत्येक तुकडीतून निवडलेल्या नगांची चाचणी कारखान्याशी संबंध नसलेल्या यंत्रणेकडून व्हावी आणि ही अट करारातच असावी. तिसरी, केंद्रीय गृह मंत्रालयाने पोलीस संशोधन व विकास ब्युरोमार्फत सर्व राज्यांसाठी एक सामाईक नोंदवही ठेवावी. शस्त्र अडकणे किंवा अनवधानाने गोळी सुटणे, अशी प्रत्येक घटना तीत शस्त्राच्या प्रकारानुसार लिहिली जावी. दलांसाठीच्या शस्त्रांचे निकष हे मंत्रालय प्रसिद्ध करतेच. निकालांबाबतही तेवढाच मोकळेपणा दाखवण्यास हरकत नसावी.

यांपैकी एकाही गोष्टीसाठी नवा कायदा करावा लागणार नाही. महाराष्ट्राचे लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९ सदस्य आहेत. पुण्याची संशोधन संस्था, खडकीचा दारूगोळा कारखाना आणि आता कार्बाइनचे मोठे कंत्राट ही सारी त्यांच्याच राज्यात आहेत. कारखाना आपल्या मतदारसंघात यावा, यासाठी पक्षभेद विसरून शिष्टमंडळे नेणाऱ्या या सदस्यांनी, तेथून बाहेर पडणाऱ्या शस्त्राच्या चाचण्यांचा हिशेबही एकदा तारांकित प्रश्नातून मागावा. पुढच्या अधिवेशनात हा प्रश्न लागला आणि त्याला आकड्यांत उत्तर मिळाले, तर 'अस्मी' हे नाव सार्थ करण्याच्या दिशेने ते पहिले पाऊल ठरेल.