युद्धाची पुस्तकं म्हणजे विकथा का?



चातुर्मासात दुपारी वाचायला काही सुचवा, असं बऱ्याच जणी विचारतात. मी आत्मकथा आणि युद्धाच्या आठवणी सांगितल्या की लगेच शंका येते, “अहो ताई, ही तर राजकथा! विकथेतच गेली की!”

मला ते पटत नाही. आपल्या प्रथमानुयोगात भरत-बाहुबलींचं युद्ध आहेच ना? सैन्य कापून काढण्यापेक्षा दोघा भावांनीच लढावं, असं मंत्र्यांनी सुचवलं. कथा कशाची आहे यापेक्षा ती वाचून मनात काय उठतं, ते बघावं. मालिकांमधली सासू-सुनेची कारस्थानं बघताना कोणतं धर्मध्यान होतं, तेही एकदा सांगा.

विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’ घ्या. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक. घरावर कर्ज, म्हणून दक्षिणा मिळवायला 1857 साली उत्तरेला निघाले आणि बंडात सापडले. झाशी पडली तेव्हा ते शहरातच होते. लूट कशी झाली ते त्यांनी लिहिलंय. आधी सोनंनाणं, मग भांडी, कापड, शेवटी धान्यसुद्धा. तलवारीचं कौतुक त्यात फारसं नाही. तहान आहे, जळणारी घरं आहेत, लपून बसलेली माणसं आहेत. शेवटी घरी आणलं ते काय, तर आईवडिलांसाठी गंगेचं पाणी! हिंसेचा इतका वीट मला एखाद्या प्रवचनानंही आला नव्हता. पुस्तक छापून आलं 1907 साली, लेखक गेल्यावर. 1962 च्या चीन युद्धाबद्दल वाचायचं असेल तर श्याम चव्हाणांचं ‘वालाँग’ आहे. ते स्वतः युद्धकैदी होते.

आपल्यातलंच हवं असेल तर बनारसीदासांचं ‘अर्धकथानक’. जैन व्यापारी, 1641 साली वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी स्वतःचं आयुष्य पद्यात लिहिलं. माणसाचं आयुष्य 110 वर्षांचं धरलं, म्हणून ही अर्धीच कथा. अकबर गेल्याची बातमी जौनपूरला पोचली तेव्हा दुकानं पटापट बंद झाली, लोकांनी दागिने पुरले, श्रीमंतांनी जाडेभरडे कपडे घातले. हा इतिहास शाळेत कोणी शिकवला नाही. मी कॉमर्सची, त्यामुळे त्यांच्या धंद्यातल्या खोटीचे हिशेब फार आवडीनं वाचले. पण नऊ मुलं झाली आणि एकही राहिलं नाही, हे ते ज्या शांतपणे सांगतात, तिथे मी पुस्तक मिटून ठेवलं. हिंदीत मिळतं, नाथूराम प्रेमींनी संपादित केलेलं.

आणि एक पुस्तक मात्र मी आग्रहानंच सांगणार. शांताबाई कांबळे यांचं ‘माज्या जल्माची चित्तरकथा’. आपल्याच जिल्ह्यातल्या महूदच्या, महार समाजातल्या, शिकून शिक्षिका झालेल्या. दूरदर्शनवरची ‘नाजुका’ मालिका याच पुस्तकावरची. माढ्याहून महूद किती लांब आहे? आपण पाणी गाळून पितो, डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांसाठी. त्याच काळात याच भागात समोर उभ्या माणसाला पाणी वरून ओतलं जायचं, भांड्याला हात लागू नये म्हणून. पाणी गाळणाऱ्या प्रत्येक घरानं हे पुस्तक वाचायला हवं. वाचताना राग येईल, लाजही वाटेल. येऊ द्या.

सुरुवात गोडसे भटजींपासून करा, भाषा जुनी असली तरी चार पानांत गोडी लागते. माझी प्रत दशलक्षण पर्वानंतर मोकळी होईल. जिला हवी तिनं घेऊन जावी, फक्त पानांचे कोपरे दुमडू नका.