काडी जुनी, मुळे नवी

वैनगंगेच्या काठी पावसाळा स्थिरावला, की आमच्या बालाघाटातील घरोघरी एक मागणी ऐकू येऊ लागते : "वहिनी, तुमच्या मधुमालतीची एखादी काडी द्याल का?" मागणी क्षुल्लक वाटते, परंतु बी मागणे आणि काडी मागणे यांत मोठे अंतर आहे. बियांतून जन्मते ते अपत्य. त्यात मातापित्यांचे गुण मिसळलेले असतात. काडीतून वाढते ती मात्र तीच वेल, केवळ दुसऱ्या अंगणात. बागेतील मोगरा आणि बोगनवेल यांना बी सहसा धरतच नाही. त्या देणाऱ्यांच्या हातांवरच जगत आल्या आहेत. कॉमर्सन या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाला बोगनवेल १७६७ साली ब्राझीलमध्ये आढळली. आज ती आपल्या कुंपणावर आहे, ती अशाच हातांच्या कृपेने.

काडी घेण्यास जुलै-ऑगस्ट उत्तम. पेन्सिलीएवढी जाड, निरोगी, फुलांवर न आलेली फांदी निवडावी. वीतभर लांबीच्या तुकड्यास तीन-चार पेरे असावीत. खालचा छेद पेराच्या लगत सरळ घ्यावा, वरचा तिरपा; म्हणजे शेंडा कोणता याविषयी संभ्रम राहत नाही. उलटी रोवलेली काडी रुजत नाही. खालची पाने काढून दोन पेरे मिश्रणात पुरावीत. नदीची धुतलेली जाड वाळू दोन भाग व कुजलेला पालापाचोळा एक भाग, एवढे पुरे. ताजे शेणखत घातल्यास काडी कुजते. कुंडी सावलीत ठेवावी. ओल टिकावी, पाणी साचू नये.

आठ-दहा दिवसांत कोवळी पाने दिसतात आणि येथेच पुष्कळांची फसगत होते. ती पाने काडीत साठलेल्या अन्नावर फुटलेली असतात. मुळांचा अद्याप पत्ता नसतो. कोंबांत व पानांत तयार होणारे एक द्रव्य खाली उतरून छेदाशी साचते आणि मुळांना प्रेरणा देते. या कार्यास चार ते सहा आठवडे लागतात. बोगनवेलीस कधी अधिकही. काडी उपटून पाहणाऱ्याच्या हाती तुटलेली मुळे येतात.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. सीमा बदलली तरी नागपूर-भंडाऱ्याकडील माहेरांहून जाई-जुईच्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून येतच राहिल्या. आता तिकडील जुने वाडे पडून इमारती उभ्या राहत आहेत, आणि वाडा पडताना कुंपणावरील वेल सर्वांत आधी जाते. तिची काडी कोणाला दिलेली नसेल, तर ती वेल तेथेच संपते. दिलेली असेल, तर परक्या मातीत नवी मुळे धरून तीच फुले देते.

म्हणून यंदा आपल्या दारच्या वेलीच्या तीन काड्या लावा. एक घरी ठेवा, दोन शेजारी द्या. आणि ती मूळची कोणाच्या अंगणातली, हेही आवर्जून सांगा.