मुंबई ते दिल्ली सव्वादोन तास? हिशोब घरापासून करा!

घाऊक खरेदीचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "सर, माल बघायला दिल्लीला विमानानेच जातो ना, दोन तासांत पोचतो."

दोन तासांत? जरा थांबा.

मुंबई-दिल्ली हवाई अंतर साधारण 1150 किलोमीटर. तिकिटावर दिसतात सव्वादोन तासांच्या आसपास. पण ती वेळ विमानाची. तुमची वेळ घराला कुलूप लावल्यापासून सुरू होते.

समजा तुम्ही डोंबिवलीत राहता, कुर्त्यांचा धंदा सुरू करताय आणि दिल्लीच्या गांधीनगर मार्केटला जायचंय. विमान सकाळी 7 चं. चेक-इन काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो, म्हणजे पहाटे चारला तरी घर सोडायला हवं. सव्वानऊला उतरलात, मग बॅगेची वाट बघा, मेट्रो, रिक्षा... मार्केटमध्ये पाय ठेवेपर्यंत अकरा. झाले ना सात तास? वर रात्रीची झोप गेली. आणि अशा पेंगुळलेल्या डोळ्यांनी तुम्ही कापड तपासणार, भाव करणार!

राजधानी एक्स्प्रेस पाचच्या सुमारास मुंबई सेंट्रलहून सुटते, सकाळी साडेआठच्या सुमारास नवी दिल्ली. 1384 किलोमीटर, साडेपंधरा तास. पण त्यातले निम्मे झोपेचे, आणि दहा वाजता तुम्ही ताजेतवाने मार्केटमध्ये. (डिसेंबर-जानेवारीत धुकं पडलं की गाडी काय नि विमान काय, दोघांचाही भरवसा नाही.)

माझं मत विचाराल तर जाताना ट्रेन, येताना रात्रीचं विमान. कारण परतीची राजधानीही पाचच्या आसपासच निघते, ती पकडायची म्हणजे खरेदी अर्धवट सोडून पळायचं. फक्त विमानात माल कोंबायचा विचार करू नका. साध्या तिकिटावर चेक-इन सामान बहुतेक वेळा 15 किलोच, वरच्या प्रत्येक किलोला पैसे मोजावे लागतात. थर्ड एसीत 40 किलो चालतं. माल ट्रान्सपोर्टला टाका, सोबत सॅम्पल आणा.

आता खरी दुखरी गोष्ट. आमच्या बॅचमधल्या एका ताईंनी पहिल्या फेरीत 100 कुर्ते आणले. नगामागे 100 रुपये नफा धरला. सगळे विकले गेले, बायका अजून मागत होत्या, पण पुढचा लॉट उचलायला पैसेच पुरेनात! हिशोब मांडला तेव्हा कळलं, प्रवास, जेवणखाण, ट्रान्सपोर्ट धरून फेरीचा खर्च 12 हजार. म्हणजे नगामागे 120. प्रत्येक कुर्त्यावर 20 रुपये खिशातून गेले होते, आणि त्यांची स्वतःची मेहनत तर यात धरलेलीच नाही. एवढ्या खर्चाची फेरी 300 नगांवर वाटली असती तर नगामागे 40 च पडले असते.

आणि हो, तिकीट काढण्याआधी वार बघा. गांधीनगर मार्केट सोमवारी बंद असतं, सदर बाजार रविवारी.