युद्धाने गिरणगाव पोसलं म्हणे!

लढाई लागली की बाजार वर जातो, हे वाक्य लोअर परळच्या काचेच्या इमारतींत जेवणाच्या सुट्टीत अलीकडे फार ऐकू येतं. मागे एका गृहस्थांनी मला त्यामागचा इतिहासही ऐकवला. अमेरिकेत यादवी झाली म्हणून मुंबई उभी राहिली आणि दोन महायुद्धं झाली म्हणून गिरणगाव पोसलं गेलं, म्हणे. आम्ही उभे होतो तिथे एकेकाळी साचे खडखडत होते, एवढंच त्यांना माहीत नव्हतं.

आधी यादवीचं पाहू. 1861 ते 1865 अमेरिकेचा कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्यांनी भारतीय कापसाकडे धाव घेतली, भाव आभाळाला भिडले. शेअर दलाल प्रेमचंद रायचंद यांचा तो काळ. समुद्र बुजवणाऱ्या कंपन्यांच्या शेअर्सवर शहर नाचत होतं. पण कापूस चालला होता लिव्हरपूलला. इथल्या गिरण्यांना तोच कापूस महाग पडत होता. 1865 मध्ये यादवी संपली आणि फुगा फुटला. त्या पैशातला काही पुढे गिरण्यांत आला असेल, पण गिरण्यांचं खरं पेव फुटलं 1870 नंतर, शांततेत.

पहिल्या महायुद्धाची गोष्ट याहून बोलकी आहे. सातारा-रत्नागिरीच्या ज्या घरांतला एक भाऊ परळच्या खोलीत राहून साचा चालवत होता, तशाच घरांतला दुसरा पलटणीत होता. मराठा पलटणी मेसोपोटेमियात गेल्या. ती मोहीम निघाली त्यात इराणी तेलाच्या राखणीचा वाटा मोठा होता, आणि त्या तेलाशी साताऱ्याच्या शेतकऱ्याचं काही देणंघेणं नव्हतं. तिथल्या कुत शहराच्या वेढ्यात जवळपास पाच महिने अडकून, उपासमार सोसून 29 एप्रिल 1916 रोजी सैन्य शरण गेलं. इकडे परदेशी कापड येईनासं झालं आणि गिरणीमालकांचा नफा फुगला. धान्य मात्र महागलं. त्यातच 1918 चा पाऊस दगा देऊन गेला (त्याचं खापर युद्धावर फोडता येणार नाही), पण त्याच वर्षीच्या जूनमध्ये मुंबईच्या बंदरातून शहरात शिरलेला इन्फ्लुएंझा युद्धाच्या बोटींबरोबरच आला होता. देशभरात त्याने कोटीहून अधिक माणसं नेली. पोसलं ते कुणाला?

मजुरी वाढली, पण भावांच्या कितीतरी मागे. मग जानेवारी 1919 मध्ये लाखाहून अधिक कामगार बाहेर पडले आणि वर्षभराने पुन्हा. मालकांनी तेजीतला पैसा लाभांशात उधळला, जुनी यंत्रं तशीच रेटली. चीनची सुताची बाजारपेठ जपानने काबीज केली. मंदी आली तेव्हा ‘एका माणसाने जास्त साचे सांभाळावेत’ असा हुकूम निघाला. 1928 चा सहा महिन्यांचा संप त्यातून पेटला. तेजीच्या जेवणावळीची उष्टी काढायला कामगारच होता.

दुसऱ्या महायुद्धात रात्रपाळ्या चालल्या, गावाकडून आलेल्या पोरांना काम मिळालं, हे खरं आहे आणि ते नाकारू नये. पण महागाई भत्ता युद्धाने आणून दिला नाही. त्यासाठी मार्च 1940 मध्ये पावणेदोन लाख माणसं संपावर गेली. 1943 मध्ये रेशनिंग आलं, बंगालात तर लाखो माणसं अन्नावाचून मेली. गिरणगावाला भाकरी लढाईने दिली असं म्हणणाऱ्याने रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या बायकांची मोजदादही करावी.

माझं म्हणणं वेगळं आहे. युद्धाविषयी या भागाने काय ठरवलं होतं, ते शेअरबाजाराच्या आलेखात सापडायचं नाही. 2 ऑक्टोबर 1939 ला, युद्धाला जेमतेम महिना झाला असताना, मुंबईच्या सुमारे 90 हजार कामगारांनी युद्धाच्या निषेधार्थ एक दिवस काम बंद ठेवलं. जादा पाळ्या, भरलेली हजेरी समोर दिसत असताना! त्यांच्यातल्या चाळिशीच्या माणसांनी 1918 स्वतः पाहिलं होतं. आणि युद्ध संपल्यावर, फेब्रुवारी 1946 मध्ये नौसैनिकांच्या बंडाला पाठिंबा देत हेच गिरणगाव रस्त्यावर उतरलं, तेव्हा परळमध्ये गोळीबारात कार्यकर्त्या कमल दोंदे यांचा जीव गेला. त्या दिवसांत मुंबईत दोनशेहून अधिक माणसं मारली गेली.

त्या गृहस्थांना एक शेवटची गोष्ट सांगायची राहिली. परळच्या जुन्या चाळींतलं भाडं इतकं कमी कसं, म्हणून ते हसले होते. त्याचं मूळही युद्धातच आहे. मुंबईचा पहिला भाडेनियंत्रण कायदा 1918 चा, आणि 1947 च्या कायद्याने प्रमाण भाडं गोठवताना तारीख धरली ती 1 सप्टेंबर 1940 ची.